शाळातपासनीसाची शाळा

बाघ नदीच्या काठी राजेगाव वसले आहे. गोंदियाहून बालाघाटकडे जाणारा रस्ता या गावापाशी नदी ओलांडतो आणि तेथेच महाराष्ट्राची हद्द संपून मध्य प्रदेशाची हद्द सुरू होते. नकाशावर ही रेघ ठळक दिसते; प्रत्यक्षात ती तितकी ठळक नाही. दोन्ही तीरांवर भाताची शेती आहे, दोन्हीकडे सोयरेधायरे आहेत. घरात कोठे पोवारी, कोठे मराठी, तर रानाच्या बाजूस गोंडी बोलली जाते. नदीने जो भेद केला नाही, तो कारभाराने केला. आणि शाळा ही तर कारभाराच्या हातची गोष्ट!

या मुलखातील शाळा कोणी तपासावयाच्या, हे ठरविणारी कचेरी वेळोवेळी बदलत गेली. आरंभी हा सखल प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला व त्याचे मुख्य ठिकाण त्या काळी बुऱ्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावी झाले. वरिष्ठ कचेरी नागपुरास होती; १९५६ नंतर ती भोपाळला गेली. कचेऱ्या बदलल्या, हुद्द्यांची नावे बदलली, साहेब बदलले. एक प्रश्न मात्र कायम राहिला. जिल्ह्याच्या शेकडो शाळा ज्या माणसाच्या हाती सोपवावयाच्या, त्याची तयारी कोणी आणि कशी करावयाची? शिक्षकाला शिकविण्याची पात्रता यावी म्हणून अध्यापनवर्ग निघाले. पण शिक्षकांवर देखरेख करणाऱ्याची शाळा कोठे होती? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचे पहिले पान शिक्षणखाते स्थापन होण्याच्या आधीचे आहे. मध्य प्रांताच्या उत्तर भागात सागर येथे १८२७-२८ च्या सुमारास कॅप्टन जेम्स पॅटन या तोफखान्यातील अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने शाळा चालविण्यास सुरुवात केली. या कामी त्याला साहाय्य लाभले ते कृष्णराव नावाच्या एका मराठी गृहस्थाचे. १८३३ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक सागरला आले. तेथील शाळा पाहून ते इतके संतुष्ट झाले, की त्यांनी कृष्णरावांना कलकत्त्यास येण्याची संधी दिली. कृष्णरावांजवळ हुद्दा नव्हता, नियमांचे पुस्तक नव्हते, वरून आलेले परिपत्रक नव्हते. होती ती केवळ शाळेविषयीची आस्था आणि रोजच्या कामातून आलेली जाण. खाते पुढे आले. जाणकार माणूस आधी होता. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे तो उलटा झाला.

मुंबई इलाख्यातही प्रारंभीची माणसे अशीच होती. बाळशास्त्री जांभेकर हे ‘दर्पण’कार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत, १८३२ च्या जानेवारीत त्यांनी ते पत्र सुरू केले. परंतु ते जातीचे शिक्षक होते. दक्षिणेकडील शाळांच्या तपासणीचे काम त्यांनी केले आणि १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या नॉर्मल वर्गाची धुरा त्यांच्याकडे आली. १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्यानंतर नॉर्मल वर्गाचे काम दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले. दादोबांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. सुरतेस इंग्रजी शाळेत ते अनेक वर्षे शिकवीत होते. वर्गात विद्यार्थ्यांना भाषा समजावून देताना ज्या अडचणी येतात, त्यांची उत्तरे शोधता शोधता मनुष्य व्याकरणकार होतो, याचे दादोबा हे उत्तम उदाहरण होय.

या दोघांच्या बाबतीत शाळा तपासणे, शिक्षक घडविणे आणि पुस्तके लिहिणे ही तीन निरनिराळी कामे नव्हती. शाळेत गेल्यावर जी उणीव दिसे ती भरून काढण्यासाठी ते पुस्तक लिहीत, आणि पुस्तक नीट शिकविले जावे म्हणून शिक्षक तयार करीत. त्यांची तपासणी म्हणजे एक प्रकारचा अभ्यासच होता. दुर्दैव असे, की असा माणूस खात्यात टिकला नाही. १८५२ साली दादोबा डेप्युटी कलेक्टर झाले आणि महसुलाच्या कामाकडे वळले. त्या काळी मानमरातब महसूल खात्यात अधिक होता. शाळेच्या कामात मुरलेला मनुष्य शाळेतच मोठा व्हावा, अशी शिडी अद्याप कोणी बांधलेली नव्हती.

ती शिडी १८५४ साली उभी राहिली, असे म्हणता येईल. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात विलायतेहून चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला. त्याच वर्षी तिसरे रघूजी भोसले यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य खालसा करण्यात आले होते. खलित्याने प्रत्येक प्रांतात शिक्षणखाते, त्यावर एक प्रमुख अधिकारी आणि त्याच्या हाताखाली तपासनीस, अशी रचना सांगितली. १८६१ च्या अखेरीस मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी तेथे शिक्षणखाते सुरू झाले. सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी शाळा काढण्याचा उत्साह होता. शाळा वाढल्या तसे त्यांच्यावर लक्ष ठेवणारे हवे झाले, आणि डेप्युटी इन्स्पेक्टर नावाची व्यक्ती खेड्याच्या जीवनात अवतरली. खेड्याने त्या इंग्रजी शब्दाला आपल्या तोंडाला येईल तसे वळण दिले आणि ‘दिपोटी’ हा शब्द रूढ झाला.

दिपोटी येणार म्हटले, की शाळा सारवली जाई, मुलांना अंघोळ घालून पाठविले जाई, गैरहजर मुलांना शेतातून हुडकून आणले जाई. मास्तर नवे धोतर नेसत. मुलांना दोन-चार प्रश्नांची उत्तरे घोकून तयार ठेवलेली असत. दिपोटी येत, हजेरीपट पाहत, एखाद्या मुलाला पहाडे म्हणावयास लावत, शेरेबुकात दोन ओळी लिहीत आणि पुढच्या गावी जात. वर्षाचा एक दिवस असा जाई; उरलेल्या दिवसांत शाळेत काय चालते, याची वार्ता शेरेबुकाला नसे. दोष त्या एकट्या अधिकाऱ्याचा नव्हता. फिरावयाचे बैलगाडीतून किंवा घोड्यावरून, पावसाळ्यात नद्यानाले भरलेले आणि यादीत गावे असंख्य. असे असता त्याने आणखी काय करावे? परंतु व्यवस्थेने त्याला पाहण्याऐवजी मोजावयास शिकविले, हा खरा दोष होता.

मोजण्याच्या या सवयीचे मूळ विलायतेत होते. इंग्लंडमध्ये १८६२ साली नवी नियमावली आली. तपासनीसाने मुलांची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेला सरकारी पैसा मिळावा, असे तिचे स्वरूप होते. मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना निकालावर पैसे देण्याची पद्धत त्याच दशकात आली. वरवर पाहता ही पद्धत न्याय्य वाटते. काम तसा दाम, यात वाईट ते काय? परंतु परिणाम असा झाला, की शिक्षक मुलाकडे मूल म्हणून न पाहता कमाईचा आकडा म्हणून पाहू लागला. हुशार मूल आपोआप उत्तीर्ण होईल, मंद मूल काही केल्या होणार नाही. तेव्हा मधल्या मुलांवर घोकंपट्टीचा मारा करावा, हा सोपा हिशेब झाला. आणि तपासनीस? तो शिक्षकाचा सल्लागार न राहता त्याच्या मिळकतीचा पंच बनला. पंचासमोर आपली अडचण कोण उघड करील?

या पद्धतीविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो एका तपासनीसाचाच. इंग्रजी कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे १८५१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, शाळातपासनीस होते. त्यांनी युरोपातील इतर देशांत जाऊन तेथील शाळा पाहिल्या, अहवाल लिहिले आणि निकालावर पैसे देण्याने अध्यापन निर्जीव होते, हे पुनःपुन्हा सांगितले. सरकारी नोकरीत राहून सरकारी धोरणाची चूक अहवालात लिहिण्यास धैर्य लागते. ते धैर्य त्यांना आले, कारण तपासणीसाठी ते जितके हिंडले तितके शिकण्यासाठीही हिंडले होते.

याहून बोधप्रद उदाहरण एडमंड होम्स यांचे आहे. ते इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस होते. सारा जन्म तपासणीत गेल्यावर ससेक्स परगण्यातील सॉम्प्टिंग या खेड्यातील शाळा त्यांच्या पाहण्यात आली. हॅरिएट फिन्ले-जॉन्सन नावाच्या मुख्याध्यापिका तेथे मुलांकडून नाटके करवून इतिहास-भूगोल शिकवीत. मुले आनंदात होती आणि त्यांना विषयही येत होता. मुख्य तपासनीस त्या खेड्यातील बाईंकडून शिकले. निवृत्त झाल्यावर १९११ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून, ज्या पद्धतीचे आपण इतकी वर्षे रखवालदार होतो तीच मुलांची स्वतंत्र बुद्धी मारीत होती, अशा अर्थाची कबुली दिली. कबुली मोलाची खरीच. पण ती निवृत्तीनंतर आली. अधिकारपदावर बसण्यापूर्वी हे शिक्षण झाले असते तर किती पिढ्यांचे भले झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. हिंदुस्थानात लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने निकालावर पैसे देण्याची पद्धत सोडून देण्याचे धोरण सांगितले. पद्धत कागदावरून गेली. तपासनीसाच्या डोळ्यांतून मात्र ती लवकर गेली नाही.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे हा दोष कोणी ओळखला नव्हता काय? ओळखला होता, आणि तो खात्याबाहेरच्या एका शिक्षकाने ओळखला होता. १८८२ साली हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर महिन्यात आपले निवेदन त्यापुढे ठेवले. १८४८ पासून पुण्यात शाळा काढण्याचा आणि चालविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी व सदोष आहे, डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एका भेटीने काडीचाही लाभ होत नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा पाहिली गेली पाहिजे आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देताही भेट दिली पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. महसुली अंमलदारांच्या मागे इतर कामे इतकी असतात, की त्यांची तपासणी वरवरचीच होणार, हेही त्यांनी सांगून टाकले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, वेळ पडल्यास त्याला नांगराचा रुमणा हाती धरण्याची लाज वाटू नये, त्याला रीतसर शिक्षण मिळावे आणि पगार बरा मिळावा, अशी त्यांची मागणी होती.

या निवेदनाकडे पुष्कळदा सामाजिक न्यायाचा लेख म्हणूनच पाहिले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु शाळांच्या कारभाराचा धडा म्हणूनही ते तितकेच मोलाचे आहे. वर्षातून एकदा येणारा माणूस पाहुणा असतो. तीन महिन्यांनी येणारा माणूस गेल्या खेपेस काय सांगितले होते ते आठवतो, त्याचे काय झाले ते पाहतो. म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते. जोतीरावांनी मागितलेली गोष्ट एवढीच होती, की देखरेख करणाऱ्याने सातत्य ठेवावे आणि ज्यांच्या मुलांसाठी शाळा आहे त्यांना परके मानू नये. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी या दोन अटी जुन्या झालेल्या नाहीत.

खात्याच्या आतही काही माणसे जागी होती. विनायक कोंडदेव ओक यांचा जन्म १८४० साली रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी येथे झाला. शिक्षक म्हणून त्यांनी प्रारंभ केला, मुख्याध्यापक झाले आणि पुढे शाळातपासणीच्या कामापर्यंत चढले. मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडे वाचावयास काही नाही, ही उणीव या प्रवासात ज्याला दिसली नसेल असा अधिकारी विरळा. ओकांनी ती भरून काढण्याचा उद्योग आरंभिला. १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये देहावसान होईपर्यंत ते चालविले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा मजकूर महिन्यामागून महिने मुलांसाठी लिहिणे, हे नोकरीच्या कोणत्याही नियमात बसणारे काम नव्हते. शिडीवर चढताना वर्गाकडे पाठ न फिरविणारा अधिकारी कसा असतो, हे ओकांच्या आयुष्यावरून कळते.

आता पुन्हा बाघ नदीच्या तीराकडे वळू. विसाव्या शतकात मध्य प्रांतातील प्राथमिक शाळांचा कारभार हळूहळू लोकनियुक्त संस्थांकडे आला. १९२० साली जिल्हा कौन्सिलांसंबंधीचा आणि प्राथमिक शिक्षणासंबंधीचा असे दोन्ही कायदे झाले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि त्याच सुमारास पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती योजना होती. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ती फारशी पुढे गेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जनपद सभा आल्या आणि तहसिलीच्या पातळीवर शाळांची व्यवस्था त्यांच्याकडे गेली. दर काही वर्षांनी नवी योजना, नवी रचना! योजना कोणाच्या डोक्यातून निघाली याच्या नोंदी मिळतात. ती खेड्यातल्या मास्तरांना समजावून देणारा अधिकारी त्यासाठी कितपत तयार होता, याविषयी कागद बहुधा गप्प असतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांत भंडारा होता. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. एकाच खोऱ्यातील शाळा दोन वाटांनी चालू लागल्या. अलीकडे महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख अशी उतरंड तयार झाली. १९९९ मध्ये गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. पलीकडे जिल्हा शिक्षण अधिकारी, संकुल प्राचार्य, जनशिक्षक अशी नावे रूढ झाली. एका तीरावरच्या मुलाला मराठीत धडे, दुसऱ्या तीरावरच्या मुलाला हिंदीत. आणि दोघांच्याही आजीची बोली पोवारी! अशा प्रदेशात जिल्ह्याच्या शाळांचा प्रमुख होणाऱ्याला केवळ नियमावली पाठ असून कसे भागेल? पहिलीत बसलेले मूल गप्प आहे ते त्याला येत नाही म्हणून, की त्याला प्रश्नाची भाषाच कळली नाही म्हणून, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने त्या मुलासमोर ‘कच्चा’ असा शेरा लिहिणे हा अन्यायच होय.

देखरेख करणाऱ्याच्या शिक्षणाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर स्पष्टपणे मांडला गेला तो १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगात, आणि तो मांडण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात होता. जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक, हे आयोगाचे सदस्य-सचिव होते. कोल्हापूरच्या बाजूचे हे गृहस्थ. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात लोकांत राहून काम केले, पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतला आणि मग दिल्लीच्या दप्तरात शिरले. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांचीही वाट खेड्यातूनच गेली. गारगोटीचा अनुभव घेऊन त्या पुढे महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या आणि नंतर नियोजन आयोगाच्या सदस्य. वर पोहोचलेल्या या दोघांचे पाय खालच्या मातीत घट्ट होते.

कोठारी आयोगाने एक मर्माची गोष्ट सांगितली. कारभार पाहणे आणि शैक्षणिक मार्गदर्शन करणे ही दोन कामे एकाच माणसावर लादली, की पहिले काम दुसऱ्याला गिळून टाकते. बदल्या, पगारबिले, चौकश्या यांची निकड रोजची असते. अध्यापन सुधारण्याची निकड कधीच ‘आज’ची वाटत नाही. म्हणून ही दोन कामे वेगळी करावीत, एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळांचे संकुल बांधावे, आणि शिक्षणाच्या कारभाऱ्यांसाठीही शिक्षणाची संस्था काढावी, असे आयोगाने सुचविले. दिल्लीत शिक्षणनियोजकांसाठी एक केंद्र १९६२ पासून होते. त्यातून १९७० साली राष्ट्रीय प्रशिक्षण महाविद्यालय झाले आणि १९७९ पासून ते राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसाठी तेथे दीर्घ मुदतीचे अभ्यासक्रम चालविण्यात आले. अशा रीतीने दिपोटी जन्मास आल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी दिपोटीची शाळा उघडली!

शाळा उघडली, तरी सर्व प्रश्न सुटले असे नाही. त्यांतील सर्वांत अवघड प्रश्नाकडे आपण सहसा पाहत नाही. जिल्ह्याच्या कामासाठी निवडला जातो तो बहुधा चांगला शिक्षक. तो वर गेला, की त्याचा वर्ग पोरका होतो. शहरातील मोठ्या शाळेत ही उणीव कशीबशी भरून निघते. जेथे दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालतात अशा खेड्यात त्यांपैकी चांगला शिक्षक गेला, तर मुलांचे वर्षच बुडते. बढती त्याची, आणि तिची किंमत देणार कोण? तर चौथीतली मुले. म्हणून अशा माणसाने स्वतःला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: एका वर्गाचे जे नुकसान करून मी निघालो, ते शंभर वर्गांना काही लाभ झाला तरच भरून निघेल, तो लाभ मी कोणता देणार आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याची बढती ही फक्त पगाराची बढती होय.

आज राजेगावसारख्या गावात कोणी अनुभवी मुख्याध्यापक जिल्ह्याच्या जबाबदारीची तयारी करीत असेल, तर त्याला काय काय शिकावे लागेल? कायदा शिकावा लागेल. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला हक्क दिला आहे, आणि तो हक्क प्रत्यक्षात उतरविणे हे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे काम आहे. हिशेब शिकावा लागेल. कारण पैसा कोणत्या शीर्षाखाली येतो आणि कोठे अडतो हे न कळणाऱ्याला शाळेच्या छपराची गळतीही थांबविता येत नाही. संगणकावरील माहितीचे तक्ते वाचावयास शिकावे लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापक यांना दरवर्षी निदान पन्नास तासांचे सेवांतर्गत शिक्षण सांगितले आहे. मुख्याध्यापकांच्या बाबतीत त्यात शाळेच्या नेतृत्वाचा आणि व्यवस्थापनाचा अभ्यासही येतो. त्याच धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि शाळांची संकुले बांधण्याची जुनी सूचना पुन्हा पुढे आणली आहे.

हे सर्व आवश्यक आहे. पण पन्नास तासांचे प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणजे तयारी पुरी झाली, असे मानणे हा पुन्हा मोजण्याचाच रोग. इतिहास याहून निराळी कसोटी सांगतो. ज्यांनी शाळांचे भले केले त्या सर्वांत एक गुण समान दिसतो. जांभेकर आणि दादोबा शिकवीत असताना शिकत होते. अर्नोल्ड तपासणी करताना शिकत होते. होम्स उशिरा का होईना, खेड्यातील एका बाईंकडून शिकले. ओकांनी वर चढतानाही लहान मुलांशी बोलणे सोडले नाही. नाईक दांपत्याने खेड्यात घेतलेला धडा दिल्लीत आणि मुंबईत विसरला नाही. अधिकार मिळाला म्हणून त्यांपैकी कोणी शिकणे थांबविले नाही.

या कसोटीची खूण शेरेबुकात सापडते. शाळेचे काम समाधानकारक आहे, ही ओळ लिहावयास वर्गात जाण्याचीही गरज नसते. पण दुसरीतील पाच मुले जोडाक्षरांपाशी अडतात, घरी ती पोवारी बोलतात, बाईंनी त्यांच्याच बोलीतील शब्द घेऊन सराव करून पाहावा, आणि पुढच्या महिन्यात आपण दोघे मिळून पुन्हा पाहू, असे जो लिहितो तो वर्गात बसलेला असतो, त्याने मुलांचे ऐकलेले असते, आणि ‘आपण दोघे’ म्हणताना त्याने स्वतःवरही जबाबदारी घेतलेली असते. अशा शेऱ्याची शिक्षकाला भीती वाटत नाही. त्याची तो वाट पाहतो.

आणि पुढच्या महिन्यात तो अधिकारी खरोखरच आला पाहिजे. पावसाने बाघेला पूर आला असेल, तर चार दिवस उशिरा आला तरी चालेल. पण आला पाहिजे. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेली गोष्ट एवढीच होती. दुसरीतल्या त्या पाच मुलांना जिल्ह्याचा प्रमुख कोण झाला, त्याने कोणती परीक्षा दिली, कोणते प्रशिक्षण घेतले, याच्याशी काही कर्तव्य नाही. गेल्या खेपेस जे अक्षर अडले होते ते आता वाचता येते की नाही, हे पाहावयास कोणी येते का, एवढेच त्यांना कळते. आणि जिल्ह्याच्या शिक्षणाची परीक्षा शेवटी तेथेच होत असते.